आपटा : एका दिवसाचे सोने
(द्वितीय वर्ष कला)

आश्विन शुद्ध दशमीची संध्याकाळ झाली की आपल्याकडे लहानथोर सारेच श्रीमंत होतात. नवे कपडे घालून मुले घरोघर जातात, वडीलधाऱ्यांच्या हातावर आपट्याचे पान ठेवून पाया पडतात आणि "सोने घ्या, सोन्यासारखे राहा" असे म्हणतात. वर्षभर अबोला धरलेले भाऊबंदही त्या संध्याकाळी एकमेकांच्या उंबऱ्यावर येतात. पान देणे हे निमित्त असते, तुटलेले बोलणे सुरू करणे हा खरा हेतू असतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? तेच सोने रस्त्यावर, गटारात, बाजारतळावरच्या कचऱ्याच्या ढिगात पडलेले असते.

मागील वर्षी दसऱ्याच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गात सहज विषय निघाला. आपट्याची पाने सर्वांनी वाटली होती, परंतु आपट्याचे झाड किती जणांनी पाहिले आहे, असे विचारल्यावर चारच हात वर आले. त्या चारांत माझा एक हात होता. मात्र तो वर करताना मला अभिमान वाटण्याऐवजी थोडी शरमच वाटली. तिचे कारण मी लेखाच्या शेवटी सांगणार आहे. तत्पूर्वी या झाडाची निसर्गातील आणि परंपरेतील ओळख करून घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

झाडाची ओळख

आपटा हे काही भव्य झाड नव्हे. वडासारखा विस्तार त्याला नाही आणि पिंपळासारखा पारही त्याच्या नशिबी नाही. साधारणतः ३ ते ५ मीटर उंचीचे, काहीसे वेडेवाकडे वाढलेले, खरबरीत काळपट सालीचे आणि खाली झुकलेल्या फांद्यांचे हे झाड माळावर, डोंगरउतारावर किंवा शेताच्या बांधावर उभे असते. मुरमाड, हलकी जमीन त्याला चालते. आपला अहमदनगर जिल्हा (आता अहिल्यानगर) हा बव्हंशी कमी पावसाचा. अशा मुलखात जी थोडी झाडे कोणाच्या मेहरबानीवाचून तग धरतात, त्यांत आपट्याची गणना करावी लागेल.

त्याची खरी खूण म्हणजे पान. एकाच देठावर दोन पाने जुळावीत तसे ते मध्यभागी दुभंगलेले असते. लांबीपेक्षा रुंदी जास्त, स्पर्शाला जाड आणि चिवट, खालची बाजू फिकट व किंचित खरखरीत. वनस्पतिशास्त्रात याचे नाव बौहिनिया रॅसिमोझा. सोळाव्या-सतराव्या शतकांत ज्याँ आणि गास्पार बौहिन हे दोन सख्खे भाऊ नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. या वर्गातील झाडांचे जोडपान पाहून लिनिअसने त्या भावांच्या नावाचे औचित्य दाखविले. आपल्याकडे जे पान दुरावलेल्या भावांना एकत्र आणते, त्याच पानाला परक्या देशातही दोन भावांचेच नाव मिळावे, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो. नावाच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ फुलांच्या मंजिऱ्या असलेला, असा आहे. उन्हाळ्यात आपट्याला पांढरट पिवळसर बारीक फुलांच्या मंजिऱ्या येतात. पुढे वीतभर लांब, चपट्या, किंचित वाकलेल्या शेंगा धरतात. त्या वाळून काळ्या पडल्या तरी बरेच दिवस झाडावर लोंबत राहतात. सालीपासून बळकट वाख निघतो व त्याचे दोर वळतात.

संस्कृतात या झाडाला अश्मंतक म्हणतात. अश्म म्हणजे दगड. मुतखड्यावरील औषधी म्हणून आयुर्वेदाने त्याचा उल्लेख केला आहे.

आपटा की कांचन?

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. शहरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्या जुड्या विकायला येतात, त्यांतल्या पुष्कळशा आपट्याच्या नसतातच. त्या कांचनाच्या असतात. कांचन हा आपट्याचाच चुलतभाऊ. त्याचेही पान दुभंगलेले असते, त्यामुळे गिऱ्हाईक फसते. किंबहुना विकणाराही पुष्कळदा अजाण असतो. फरक ओळखणे मात्र अवघड नाही. कांचनाचे पान मोठे, पातळ व गुळगुळीत असते, आपट्याचे लहान, जाड व खरबरीत. कांचनाला गुलाबी-जांभळी मोठाली फुले येतात, म्हणून तो बागेत लावतात. आपट्याची फुले कोणाच्या नजरेतही भरत नाहीत. अर्थात, पान कांचनाचे निघाले म्हणून शुभेच्छा खोटी ठरत नाही. तथापि आपण ज्याला सोने म्हणतो ते आपल्याला ओळखूही येऊ नये, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कौत्साची गोष्ट

या पानाला सोने का म्हणतात? त्याचे उत्तर म्हणून आपल्या घराघरांत कौत्साची गोष्ट सांगितली जाते. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स याने विद्या संपल्यावर गुरुदक्षिणेचा आग्रह धरला. गुरूंनी आधी नको म्हटले. शिष्याने फारच हट्ट केला तेव्हा रागावून चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी सुवर्णमुद्रा आण, असे सांगितले. कौत्स रघुराजाकडे गेला. परंतु राजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केले होते. पाहुण्याच्या स्वागताला त्याच्याजवळ मातीचे भांडे तेवढे उरले होते. याचकाला विन्मुख कसे पाठवावे? म्हणून रघूने प्रत्यक्ष कुबेरावर स्वारी करण्याचे ठरविले, आणि त्या धाकाने कुबेराने रात्रीतून सोन्याचा पाऊस पाडला.

कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात ही कथा रंगविली आहे. ती वाचताना मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. कालिदासाच्या काव्यात हे सोने राजाच्या कोषागारात पडते. तेथे आपट्याचे झाड नाही. ते झाड आपल्या लोककथेने आणले. लोककथेत कुबेर आपट्याच्या झाडावर मुद्रांचा वर्षाव करतो, कौत्स आपल्यापुरत्या मुद्रा घेतो आणि उरलेल्या लोक लुटतात. कोषागारातले सोने राजाचे, परंतु गावाबाहेरच्या झाडावरचे सोने सर्वांचे! ज्यांच्या घरी सोन्याचा मणी नाही, त्यांनीही सोने वाटावे, अशी सोय आपल्या पूर्वजांनी या एका बदलाने करून ठेवली.

दोन्ही कथांत एक गोष्ट मात्र समान आहे. रघु सगळे सोने देऊ करतो आणि कौत्स गुरूच्या दक्षिणेपेक्षा एकही मुद्रा अधिक घ्यायला नकार देतो. देणारा हात आखडत नाही आणि घेणारा गरजेपलीकडे हात पसरत नाही. माझ्या मते दसऱ्याच्या कथेचा गाभा सोन्यात नसून या नकारात आहे. आपण ‘लुटणे’ तेवढे लक्षात ठेवले आणि कौत्साचा नकार विसरलो.

सीमोल्लंघन : शास्त्र आणि रीत

दसऱ्याचे मूळ झाड शमी होय. आपल्या खेड्यांत त्याला सौंदड म्हणतात. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली, ही विराटपर्वातील कथा सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या कर्नाटकात आजही शमीचेच पान सोने म्हणून देतात व त्याला बन्नी म्हणतात. शमी न मिळाल्यास अश्मंतकाची, म्हणजे आपट्याची पूजा करावी असे धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथ सांगतात.

या ग्रंथांत सांगितलेला विधी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. तिसऱ्या प्रहरी गावाची सीमा ओलांडून ईशान्येकडे जावे, झाडाची पूजा करावी आणि त्याच्या मुळाशी असलेली ओली माती अक्षतांसह घेऊन वाजतगाजत घरी यावे. मातीचा हा उल्लेख वाचून मी थबकलो. म्हणजे माणसाने झाडाकडे जायचे आहे, झाडाने तुकड्यातुकड्यांनी बाजारात यायचे नाही! सीमोल्लंघन या शब्दाचा अर्थच मुळी आपली हद्द ओलांडून जाणे हा आहे. पावसाळा संपून नद्या उतरल्या, खरिपाची पिके हाती येऊ लागली की मराठ्यांच्या फौजा याच मुहूर्तावर मोहिमेला निघत. कोल्हापूरला दसऱ्याच्या सोहळ्यात आजही शमीपूजन होऊन सोने लुटले जाते. आपल्या नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून तुळजाभवानीची पालखी तुळजापूरला जाते, ती देवीच्या सीमोल्लंघनासाठीच. देवीसुद्धा मंदिराबाहेर पडते, परंतु आपण मात्र दारात आलेल्या टेम्पोतून जुडी विकत घेतो आणि त्यालाच सीमोल्लंघन समजतो.

विडीचे पान

आपट्याला इंग्रजीत ‘बीडी लीफ ट्री’ म्हणजे विडीच्या पानाचे झाड असेही नाव आहे. हे नाव मला प्राध्यापकांनी सांगितले तेव्हा हसू आले, कारण आमच्या घरात दसऱ्याच्या सोन्यापेक्षा आपट्याची ही ओळख जुनी आहे.

नगर, संगमनेर आणि शेजारचे सिन्नर या भागांत विड्या वळण्याचा धंदा फार दिवसांपासून चालत आला. तो मुख्यतः बायकांच्या बोटांवर उभा आहे. माझी आजी विड्या वळायची, आईही वळते. रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले पान सकाळी मऊ होते. मापाचा पत्रा ठेवून ते कात्रीने कापायचे, मांडीवरच्या सुपातील चिमूटभर जर्दा त्यात भरायचा, वळायचे, दोरा बांधायचा आणि तोंड मुडपायचे. मजुरी हजारावर. पान फाटके निघाले किंवा विडी सैल वळली गेली की मोजणीत ती बाद होते. आता या कामाला बहुतेक तेंदूचेच पान येते. परंतु आजीच्या तरुणपणी तिच्या माहेरी, अकोल्याकडच्या डोंगरात, आपट्याची पाने खुडायला बायका-पोरी जात. वनखात्याच्या हिशेबातही ‘तेंदू व आपटा पाने’ अशी जोडीच लिहिलेली आढळते.

विडी ओढणे शरीराला घातक आहे, हे मी जाणतो. जर्द्याच्या धुरळ्याने येणारा खोकला मी लहानपणापासून रात्री भिंतीपलीकडून ऐकत आलो आहे. म्हणून या धंद्याचे गोडवे मला गायचे नाहीत. परंतु माझ्या घरात अक्षर आले ते याच पानावरून. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि माझ्या पहिल्या वर्षाची फी ज्या पैशांतून भरली गेली ते पैसे हजारा-हजाराच्या हिशेबाने जमलेले होते. ज्यांच्यासाठी हे पान दसऱ्यापुरते सोने आहे, त्यांना हे सांगितले पाहिजे की काही घरांत ते वर्षभर पीठ-मीठ होऊन येत असे.

दूरच्या देशातील एक झाड

नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. त्यामुळे येथे ख्रिस्ती बांधवांची वस्ती जुनी आहे आणि नाताळच्या दिवसांत बाजारात शोभेच्या वस्तू येतात. त्यांत काटेरी कडांचे हिरवे कागदी पान व लाल मण्यांचा घोस हमखास असतो. हे पान कशाचे, असे मी इंग्रजीच्या प्राध्यापकांना विचारले तेव्हा हॉली या झाडाची माहिती मिळाली.

युरोपात, विशेषतः आयर्लंडमध्ये, हॉलीला मोठा मान आहे. हिवाळ्यात इतर झाडे निष्पर्ण होतात तेव्हा हे हिरवेगार राहते. गुरे जेथवर पोहोचतात त्या खालच्या फांद्यांची पाने काटेरी असतात, तर शेंड्याकडची पुष्कळदा बिनकाट्याची. नर व मादी झाडे वेगवेगळी असल्याने लाल फळे फक्त मादी झाडालाच येतात, आणि ती कडाक्याच्या थंडीत पाखरांच्या उपयोगी पडतात. नाताळात आयरिश लोक हॉलीच्या डहाळ्यांनी घर सजवितात. २६ डिसेंबरला मुले हॉलीची सजविलेली डहाळी घेऊन गाणी म्हणत दारोदार फिरतात. पूर्वी त्या डहाळीवर रेन नावाचा चिमुकला पक्षी मारून बांधीत. आता त्याऐवजी खोटा पक्षी बांधतात आणि सण तितक्याच आनंदाने साजरा होतो.

परंतु मला सर्वांत विशेष वाटले ते निराळेच. सुमारे आठव्या शतकातील आयरिश कायद्यात झाडांची प्रतवारी केलेली होती आणि हॉलीची गणना ‘वनातील सरदार’ म्हणविल्या जाणाऱ्या सात झाडांत होती. त्याचा पाला हिवाळ्यात गुरांचा चारा होई व लाकूड रथाच्या दांड्यांना लागे. असे झाड तोडणाऱ्यास गाईंच्या रूपाने दंड भरावा लागे, आणि नुसती फांदी तोडली तरी भरपाई चुकत नसे. सणाचा मान आणि कायद्याचे कवच या दोन्ही गोष्टी त्या समाजाने एकाच झाडाला दिल्या होत्या. आपल्या देशातही उदाहरण आहे. १७३० मध्ये मारवाडातील खेजडली गावी शमीची झाडे वाचविताना ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. शमी म्हणजे आपल्या दसऱ्याचेच झाड!

माझा कबुलीजबाब

आता माझ्या शरमेचे कारण. आमच्या गावच्या गायरानाच्या कडेला एक जुना आपटा होता. मी नववीत असताना आम्ही तिघा मित्रांनी दसऱ्याच्या आदल्या पहाटे कुऱ्हाड आणि कोयता घेऊन त्याच्या फांद्या उतरविल्या, दोन पोती भरली आणि तालुक्याच्या बाजारात जुड्या करून विकल्या. एकेकाच्या वाट्याला शंभरावर रुपये आले. माझ्या पैशांतून मी गणिताचे मार्गदर्शक पुस्तक आणले. मोठा पराक्रम केल्यासारखे मी आजीला सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आम्ही पान खुडत होतो रं. खुडलं की झाड पुन्यांदा देतं. तुम्ही तर त्याचं हातच तोडलं."

पुढच्या पावसात बुंध्याला फुटवे आले, ते शेळ्यांनी खाल्ले. त्याच्या पुढच्या वर्षी फुटवेही आले नाहीत. उन्हाळ्यात कोणीतरी तो वाळका बुंधा सरपणाला नेला. आज तेथे झाड होते असे सांगितले तरी लहान मुलांना खरे वाटत नाही. ते पुस्तक मात्र अजून माझ्याजवळ आहे. कौत्साने विद्येसाठी झाडाखालून लागतील तेवढ्याच मुद्रा घेतल्या. मीही विद्येसाठीच घेतले, परंतु झाडासकट घेतले.

समारोप

यावर कोणी म्हणेल, मग सोने वाटूच नये काय? तसे मी मुळीच म्हणत नाही. पान वाटण्याची ही रीत फार सुंदर आहे. पैसा न लागता माणसे जोडणारा दुसरा असा सण मला तरी दिसत नाही. ती रीत टिकायची तर झाड टिकले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. वाटायला प्रत्येकी एकच पान पुरते, ते फांदी न मोडता खुडता येते. घरातल्या पाच माणसांना पाच जुड्या लागत नाहीत. हिवाळ्यात पिकलेल्या शेंगा गोळा करून ठेवता येतात. बियांचे कवच कठीण असते, म्हणून त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पिशवीत लावाव्यात. रोप लहान असेतो त्याला शेळ्यांपासून काट्यांचे कुंपण मात्र हवेच, हे मी अनुभवाने सांगतो.

गेल्या पावसाळ्यात मी गायरानाच्या त्याच जागी दोन रोपे लावली. एक उन्हाळ्यात गेले, दुसरे गुडघ्याएवढे झाले आहे. आजीला आता नीट दिसत नाही. सुट्टीत घरी गेलो की ती त्याची पाने चाचपून पाहते आणि खरबरीत लागली म्हणजे हाच तो, असे म्हणते.

आपल्या महाविद्यालयाच्या आवारात गुलमोहर आहे, अशोक आहे, परंतु आपटा नाही. येत्या पावसाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी एक तरी आपटा कुंपणाच्या कडेला लावावा, अशी माझी नम्र विनंती आहे. मग काही वर्षांनी येथे शिकणारी मुले दसऱ्याला त्या झाडापर्यंत चालत जातील, त्याच्या मुळाशी पाणी घालतील आणि एकेक पान खुडून एकमेकांच्या हातावर ठेवतील. त्यांच्यापैकी कोणाला आपट्याचे झाड पाहिले आहे काय असे विचारले, तर सारेच हात वर होतील.